बोटीवरचं वाय-फाय आणि खिशातला राउटर : मुंबई-गोवा क्रूझची तयारी

मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून निघालेली क्रूझ खांदेरीचा दिवा मागे टाकून खोल पाण्यात शिरली की फोनवरच्या रेंजच्या दांड्या एकेक करून गळायला लागतात. तिथून मुरगाव बंदर येईपर्यंत मुख्य भिस्त बोटीच्या वाय-फायवर. ते विकत घ्यावं लागतं, प्रत्येक उपकरणावर वेगळं लॉगिन मागतं, आणि चार फोन, एक टॅब, एक लॅपटॉप घेऊन निघालेल्या कुटुंबाला ते खर्चिक आणि कटकटीचं होतं. खिशात मावणारा ट्रॅव्हल राउटर इथे कामाला येतो. बोटीच्या वाय-फायला तो एकटा जोडला जातो, लॉगिन एकदाच होतं, आणि घरातली सगळी उपकरणं त्याने सोडलेल्या वाय-फायवर राहतात.

मात्र राउटरमुळे इंटरनेट वाढत नाही. नळाला जेवढी धार येते तेवढीच तो सहा भांड्यांत वाटतो. म्हणून महागडा राउटर घेण्यापेक्षा साध्या राउटरच्या सेटिंगवर घरी बसून घातलेले दोन तास जास्त उपयोगी पडतात. आणि ते घरीच घालायचे. समुद्रात फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) उतरवून घेणं जमत नाही, आणि काही अडलं तर उत्तर शोधायलाही इंटरनेट नसतं.

आधी नियम वाचा

काही क्रूझ कंपन्यांच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत राउटर आहे. अशा बोटीवर सामान तपासणीत तो काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. म्हणून बुकिंग केल्यावर दोन कागद काढून वाचा : निषिद्ध वस्तूंची यादी आणि इंटरनेट पॅकेजच्या अटी. यादीत राउटर, ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय सोडणारं यंत्र) किंवा नेटवर्कचं सामान असं काही लिहिलं असेल तर विषय संपला, राउटर घरी ठेवा. काहीच लिहिलं नसेल तर कंपनीला ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर फोनमध्ये जपून ठेवा. तपासणीच्या टेबलावर तोंडी सांगितलेलं कोणी मानत नाही.

पॅकेजच्या अटीत दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्यांची गल्लत करू नका. ‘एका वेळी एक उपकरण’ ही तांत्रिक मर्यादा झाली. ‘जोडणी इतरांना वाटून देऊ नये’ ही करारातली अट झाली. दुसरी अट असेल तर एका उपकरणाच्या पॅकेजवर सगळं घर चालवू नका; चार उपकरणांचं पॅकेज घ्या. अशा ठिकाणी बोटीची परवानगी असेल तर राउटर फक्त आपसातल्या जोडणीसाठी वापरता येतो, आणि त्याचाही उपयोग कमी नाही. बोटीचं वाय-फाय एका प्रवाशाचं उपकरण दुसऱ्या उपकरणाला दिसू देत नाही. त्यामुळे लॅपटॉपमधले फोटो फोनवर पाठवणं किंवा टॅबवरचं चित्र टीव्हीच्या स्टिकवर दाखवणं त्या जाळ्यावर होत नाही. स्वतःच्या राउटरवर हे इंटरनेटशिवाय चालतं. राउटरला यूएसबी पोर्ट असेल तर घरून सिनेमे भरलेली पेनड्राइव्ह लावून द्या, मुलांची संध्याकाळ निघून जाते.

बशीवाल्या उपग्रह अँटेनाचा आणि उपग्रह फोनचा विचारही करू नका. भारतात परवान्याशिवाय उपग्रह फोन बाळगणं गुन्हा आहे. बोटीवरच्या इंटरनेटसाठी डिसेंबर २०१८ मध्ये अधिसूचित झालेले वेगळे नियम आहेत आणि ते परवानाधारक कंपन्यांना लागू होतात. प्रवाशाच्या बॅगेतल्या बशीला त्यात जागा नाही.

पॅकेज कसलं आहे यावर सगळं अवलंबून

मिनिटांवर किंवा एमबीवर मोजलं जाणारं पॅकेज असेल तर राउटर लावूच नका. फोन थेट जोडलेला असतो तेव्हा तुम्ही वाय-फाय बंद केलं की वापर थांबतो. राउटरमागे पाच फोन असले की त्यातला एखादा सतत काहीतरी पाठवत राहतो : व्हॉट्सॲप, हवामान, फोटोंचा बॅकअप. बोटीच्या सर्व्हरला जोडणी जागी दिसते आणि सगळे झोपलेले असताना मिनिटं जळत राहतात. राउटरचा मेळ बसतो तो दिवसाच्या किंवा पूर्ण सफरीच्या अमर्याद पॅकेजशी.

अमर्याद पॅकेजातही पायऱ्या असतात. मेसेजपुरतं, ब्राउझिंगपुरतं आणि व्हिडिओसह असे प्रकार सर्वसाधारणपणे आढळतात. स्वस्त प्रकारात व्हिडिओ, मोठे अपडेट आणि अनेकदा व्हीपीएनही (इंटरनेटवरून ऑफिससारख्या ठिकाणी जाणारी बंदिस्त खासगी वाट) बोटीच्या बाजूनेच अडवलेलं असतं. राउटर ते उघडून देत नाही. बैठक घ्यायची असेल किंवा ऑफिसचं व्हीपीएन लागणार असेल तर वरचा प्रकार घ्या, आणि व्हीपीएन चालतं का हे लेखी विचारा.

बोट कुठला उपग्रह वापरते हेही विचारून ठेवा. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तुमचा निरोप वर जाऊन खाली येणार आणि उत्तरही तसंच येणार, म्हणजे नुसत्या प्रवासालाच जवळपास अर्धा सेकंद. प्रत्यक्षात ०.६ सेकंद किंवा जास्त. फोनवर बोलताना दोघं एकमेकांच्या बोलण्यावर आदळतात ते यामुळे. स्टारलिंकसारखे खालचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असतात, तिथे हा विलंब जाणवत नाही. वेग पुरेसा असूनही बैठक नीट होत नसेल तर दोष राउटरचा धरू नका.

कुठला राउटर

दोन पट्ट्यांवर चालणारा घ्या : २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. जीएल-आयनेटचा ओपल किंवा बेरिल एएक्स, टीपी-लिंकचा डब्ल्यूआर९०२एसी या जातीचे राउटर चालतात. जीएल-आयनेटचा छोटा मँगो स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण तो फक्त २.४ वर चालतो. बोटीचं नेटवर्क त्या जागी ५ गिगाहर्ट्झवरच असेल तर त्याला ते दिसणारच नाही.

दोन पट्ट्या हव्यात याचं आणखी एक कारण आहे. राउटर बोटीचं वाय-फाय घेतो आणि स्वतःचं सोडतो. दोन्ही कामं एकाच पट्टीवर असली की त्याला एकाच चॅनलवर राहावं लागतं. बोटीच्या ॲक्सेस पॉइंटने चॅनल बदलला की तुमचंही वाय-फाय क्षणभर पडतं आणि सगळे फोन सुटतात. बोटीकडून ५ वर घ्या, घरच्यांना २.४ वर द्या. केबिन एवढीशी असते की २.४ सगळीकडे पोचतं.

विकत घेण्यापूर्वी मेनूत चार गोष्टी आहेत का पाहा : रिपीटर मोड, म्हणजे दुसऱ्याचं वाय-फाय घेऊन स्वतःचं सोडणं (टीपी-लिंकमध्ये याला हॉटस्पॉट म्हणतात), मॅक ॲड्रेस (नेटवर्कवर उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) बदलण्याची सोय, फोनच्या यूएसबी टेदरिंगला (फोनचं इंटरनेट केबलने राउटरला देण्याला) मान्यता, आणि यूएसबीवर चालणारा वीजपुरवठा. घरातला जुना १२ व्होल्टचा राउटर नेण्याचा मोह टाळा. तो पॉवरबँकेवर सहजी चालत नाही आणि रिपीटर मोडमध्ये लॉगिनचं पान नीट हाताळत नाही.

घरी करायची जुळवणी

उदाहरण जीएल-आयनेटचं घेऊ. राउटर सुरू करा, फोन त्याच्या वाय-फायवर जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडा. पहिलं काम फर्मवेअर अद्ययावत करणं. दुसरं, मूळ पासवर्ड बदलणं. राउटरच्या पोटाखाली छापलेला पासवर्ड साऱ्या जगाला माहीत असतो. नेटवर्कला साधं नाव द्या आणि १२ अक्षरांपेक्षा मोठा पासवर्ड ठेवा. बोटीच्या नेटवर्कसारखं नाव कधीही देऊ नका. बोटीची यंत्रणा परक्या ॲक्सेस पॉइंटवर नजर ठेवून असते. तिचंच नाव घेऊन उभा राहिलेला राउटर तिला चोर वाटतो, आणि ती त्याच्यावरच्या उपकरणांना सारखी तोडू शकते.

मग राउटरचा आतला पत्ता बदला. बोटीचं जाळंही १९२.१६८.८ ने सुरू होत असेल तर राउटरला आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे कळत नाही, आणि जोडणी झालेली दिसूनही एक पान उघडत नाही. १९२.१६८.७७.१ असा आडवळणाचा पत्ता दिला की ही टक्कर जवळजवळ टळते.

आता सर्वांत जास्त लोकांना अडवणारी गोष्ट : लॉगिनचं पान न येणं. ते पान कसं येतं हे समजलं की निम्मे घोटाळे तिथेच सुटतात. बोटीचं जाळं तुमच्या उपकरणाला पत्ता देतं, पण बाहेर जाऊ देत नाही. तुम्ही कुठलंही साधं, कुलूप नसलेलं पान मागितलं की ते मधेच अडवून स्वतःचं पान दाखवतं. तुम्ही लॉगिन केलंत की तुमच्या उपकरणाचा मॅक ॲड्रेस ते वहीत लिहून घेतं आणि दार उघडतं. यासाठी राउटरला पानाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधावा लागतो; हे काम डीएनएस करतं. तेव्हा नाव शोधण्याच्या या कामात जे जे आड येतं ते सगळं आधी बंद करा :

राउटरवर डीएनएस रीबाइंडिंगपासून संरक्षण देणारा पर्याय बंद. लॉगिन पानाचं नाव बोटीवरच्याच खासगी पत्त्याकडे नेतं, आणि हा पर्याय चालू असला की राउटर तसं उत्तर संशयास्पद म्हणून फेकून देतो.
राउटरवर हाताने भरलेला डीएनएस काढून ‘आपोआप’ ठेवा. जाहिराती अडवणारं ॲडगार्डही बंद.
राउटरवरचं व्हीपीएन बंद, आणि ‘व्हीपीएनशिवाय काहीच जाऊ देऊ नको’ ही अटही बंद. लॉगिन झाल्यावर लावता येतं.
अँड्रॉइड फोनवर ‘प्रायव्हेट डीएनएस’ बंद, आयफोनवर ‘प्रायव्हेट रिले’ बंद.

नवीन फर्मवेअरमध्ये लॉगिनसाठी वेगळा मोड असतो, तो यातलं बरंचसं थोड्या वेळापुरतं आपण होऊन बाजूला करतो. तरी हाताने कसं करायचं ते येत असू द्या.

रंगीत तालीम घ्यायलाच हवी. मॉलमध्ये, स्थानकावर, कुठल्याही ओटीपी मागणाऱ्या सार्वजनिक वाय-फायवर राउटर पॉवरबँकेला लावून पूर्ण क्रम एकदा करून पाहा. गणपतीपुळे किंवा तारकर्लीच्या मुक्कामी खोली क्रमांक मागणारं वाय-फाय असेल तर ती तालीम त्याहून चांगली. तिथे घाई नसते. जी चूक मालवणात अर्ध्या तासात सापडते ती बोटीवर पूर्ण सफर खाते.

वीज

केबिनमध्ये बहुधा एक-दोनच सॉकेट असतात, युरोपीय गोल पिनांचे २२० व्होल्टचे आणि काही बोटींवर अमेरिकी चपट्या पिनांचे ११० व्होल्टचे. आपल्याकडच्या तीन जाड पिनांचा प्लग त्यांत शिरत नाही. बारीक दोन पिनांचा फोनचा चार्जर युरोपीय सॉकेटमध्ये चालतो. तरीही सर्व देशांत चालणारा साधा ॲडॅप्टर सोबत घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड, विशेषतः सर्ज प्रोटेक्टर असलेला, नेऊ नका. बोटीची वीजव्यवस्था घरातल्यासारखी जमिनीशी जोडलेली नसते, त्यामुळे असा प्रोटेक्टर तापून आग लागण्याचा धोका असतो. तो तपासणीत काढूनच घेतात. त्याऐवजी तीन-चार यूएसबी पोर्टचा एक चार्जर घ्या. बेरिल आणि ओपलला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. फोनच्या जुन्या १ अँपिअरच्या चार्जरवर राउटर सुरू होतो, दिवा लागतो, आणि वाय-फायवर ताण पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ‘राउटर सारखा बंद पडतो’ या तक्रारीमागे बऱ्याचदा चार्जर किंवा बारीक केबल असते.

दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्यावरच वीज येते अशाही केबिन असतात. जेवायला जाताना कार्ड काढलं की राउटर बंद, आणि परत आल्यावर कदाचित पुन्हा लॉगिन. मधे पॉवरबँक ठेवा. १०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ३७ वॉट-तास. व्होल्ट बदलताना होणारी घट धरून ३० हाताशी येतात. राउटर ४ वॉट खात असेल तर सात तास निघतात. चार्ज होत असतानाच पुरवठाही देणारी पॉवरबँक असेल तर कार्ड काढल्याचा राउटरला पत्ताही लागत नाही. पण काही पॉवरबँक वीज जाता-येताना क्षणभर पुरवठा तोडतात, ते घरी तपासून घ्या.

बोटीवर चढल्यावर

केबिनच्या भिंती पोलादी असतात, आणि पोलादातून वाय-फाय जात नाही. ॲक्सेस पॉइंट कधी केबिनमध्येच असतो, कधी बाहेरच्या वाटेत. वाटेत असेल तर दाराकडची बाजू ही एकमेव चांगली जागा. लोहचुंबकाचा हुक भिंतीला चिकटतो, त्याला कापडी पिशवीत राउटर टांगता येतो. मात्र तो पत्र्याला टेकू देऊ नका, चार बोटं अंतर सोडा, आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवा म्हणजे राउटर तापणार नाही. राउटरच्या पानावर सिग्नलचा आकडा दिसतो, तो शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६० च्या आसपास उत्तम, उणे ७५ च्या खाली गेलात तर जागा बदला. जेमतेम एक हात सरकवल्याने दहा-पंधराचा फरक पडतो.

मग क्रम असा. फोन विमान मोडवर टाका आणि फक्त वाय-फाय चालू करा. फोन राउटरला जोडा. बोटीच्या नेटवर्कला नाही. राउटरच्या पानावर रिपीटरमध्ये जाऊन स्कॅन करा. बोटीचं एकच नाव अनेकदा दिसेल. त्यातलं ५ गिगाहर्ट्झवरचं, सर्वांत जोरदार निवडा, आणि त्याच ॲक्सेस पॉइंटवर कायम राहण्याचा पर्याय असेल तर तोही लावा. राउटरला पत्ता मिळाला की काहीही विकत न घेता आधी बोटीचं आतलं पान उघडून बघा, म्हणजे जेवणाच्या वेळा, कार्यक्रम, बिल. हे फुकट असतं. ते राउटरमधून उघडलं तर जोडणी बरोबर आहे. उघडलंच नाही तर पैसे भरू नका, आधी दुरुस्ती करा.

लॉगिनचं पान आपोआप आलं नाही तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम लिहा. या स्थळाला मुद्दाम कुलूप ठेवलेलं नाही, त्यामुळे ते अडवून बोट आपलं पान दाखवू शकते. रोजच्या सवयीची सुरक्षित स्थळं उघडायला गेलात तर फक्त प्रमाणपत्राचा इशारा येतो आणि माणूस घाबरतो. पान आलं की केबिन क्रमांक वगैरे भरून पॅकेज राउटरमधूनच घ्या. असं केलं की बोटीच्या वहीत राउटरचा मॅक ॲड्रेस नोंदला जातो आणि पुढचं सगळं सरळ होतं. शक्य असेल तर पहिल्या दिवशी एकाच दिवसाचं पॅकेज घ्या. चाललं तर पुढचं.

काही बोटींवर खरेदी फक्त त्यांच्या ॲपमधूनच होते. ते ॲप मुंबईतच उतरवून घ्या. राउटरमागून ते ‘तुम्ही बोटीच्या वाय-फायवर नाही’ असं म्हणालं तर फोन थेट बोटीला जोडून पॅकेज घ्या, मग ॲपमध्ये लॉगआउट किंवा ‘उपकरण बदला’ असेल तर ते दाबून राउटरमधून पुन्हा लॉगिन करा. तशी सोय नसेल तर फोनचा मॅक ॲड्रेस राउटरला द्यावा लागतो. हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, बनवलेला पत्ता वापरतात, म्हणून बोटीच्या नेटवर्कच्या माहितीत जो पत्ता दिसतो तोच उतरवून घ्या. ‘फोनबद्दल’ या पानावरचा मूळ पत्ता चालत नाही. आणि राउटरला तो पत्ता दिल्यावर फोनला बोटीचं नेटवर्क विसरायला लावा. एकाच पत्त्याची दोन उपकरणं एकाच जाळ्यावर आली की दोघांचीही जोडणी लटपटते, आणि कारण काही केल्या दिसत नाही.

इथे काय बिघडतं

पत्ता मिळाला, लॉगिन झालं, तरी काहीच उघडत नाही : राउटरचं घड्याळ बघा. या छोट्या राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की तारीख मागे जाते, आणि चुकीच्या तारखेवर राउटरवरचं व्हीपीएन जोडलं जात नाही. सेटिंगमध्ये ब्राउझरवरून वेळ घेण्याचं बटण असतं, ते दाबा.

मध्यरात्री किंवा ठरावीक तासांनी सगळं थांबतं : बोटीने लॉगिनची मुदत संपवली. पुन्हा तेच पान उघडून लॉगिन करा. राउटर बंद-चालू करून काही होत नाही, उलट घड्याळाचा वरचा गोंधळ अंगावर येतो.

एक फोन थेट चालतो पण राउटरमागे काहीच चालत नाही, तेही सगळं नीट तपासल्यावर : बोटीने वाटून घेतलेली जोडणी ओळखून अडवली असू शकते. डेटा छोट्या पाकिटांतून जातो आणि प्रत्येक पाकिटावर टप्प्यांचा एक आकडा असतो. फोनचा बहुधा ६४ ने आणि विंडोजचा १२८ ने सुरू होतो, आणि मधे राउटर आला की एकाने कमी होतो. ६३ दिसला की मधे कोणीतरी आहे हे बोटीला कळतं. हे चुकवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर पुष्कळ सापडतील. त्या नादी लागू नका. बोटीने मुद्दाम दार लावलं असेल तर जास्त उपकरणांचं पॅकेज घेणं हाच मार्ग आहे. पकडलं गेलं तर पॅकेज बंद होतं आणि पैसे परत मिळत नाहीत.

व्हीपीएन जोडलं जातं पण मोठी पानं अर्धवट लटकतात : एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, कमी करा. वायरगार्ड या व्हीपीएनचा नेहमीचा १४२० असतो, तो १२८० करून पाहा.

बँकेचा ओटीपी येत नाही : विमान मोडवर साधा एसएमएस येत नाही. वाय-फाय कॉलिंग घरूनच चालू केलेलं असेल तर काही वेळा त्यावर येतो. पण बोटीचं इंटरनेट परदेशातून बाहेर पडत असेल किंवा बोटीने ती वाट अडवली असेल तर नाही. मोठे व्यवहार मुंबई सोडण्यापूर्वी उरका.

कोकणाच्या किनाऱ्याची फुकट रेंज

या मार्गाचा एक फायदा लांबच्या समुद्रसफरींना नाही : किनारा फार दूर नसतो. मोबाईलच्या लहरी क्षितिजाच्या जरा पलीकडे वळतात. टॉवरच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. रत्नागिरी, जयगड, विजयदुर्गाकडचे सडे (सपाट माथ्याचे कातळी डोंगर) समुद्रावर थेट उठलेले आहेत. समजा सडा १०० मीटरचा आणि त्यावर ४० मीटरचा टॉवर : १४० चं वर्गमूळ ११.८, म्हणजे ४९ किलोमीटर. तुमचा डेक पाण्यापासून २५ मीटरवर असेल तर आणखी २०. हिशेब मोठा दिसतो, पण प्रत्यक्षात इतकं मिळत नाही. टॉवरचे अँटेना गावाकडे वळवलेले आणि खाली कललेले असतात, फोनची ताकद फार थोडी असते, आणि जुन्या टूजी जाळ्याला तर ३५ किलोमीटरची ठाम मर्यादा आहे. तरी किनाऱ्याकडच्या मोकळ्या डेकवर रेंज अधूनमधून येते-जाते. केबिनच्या आत, पोलादात, ती मिळत नाही.

म्हणून बाल्कनीची केबिन घेत असाल तर बाजू बघून घ्या. मुंबईहून गोव्याला जाताना किनारा डाव्या हाताला असतो, येताना उजव्या. फोन बाल्कनीच्या काचेशी ठेवून दोन मीटरच्या केबलने राउटरच्या यूएसबीला जोडा आणि टेदरिंग चालू करा. राउटरला दोन वाटा मिळतात. रेंज असेल तेव्हा फोनची आधी, नसेल तेव्हा बोटीची, असा क्रम मल्टी-वॅनच्या पानावर लावता येतो. बाल्कनीच्या दारात केबल अडकवू नका. दार उघडं राहिलं की एसी बंद पडतो आणि खारी, दमट हवा उपकरणांत शिरते.

हे करताना एक खरा धोका आहे. बोटीवर स्वतःचा मोबाईल टॉवर असू शकतो, आणि किनाऱ्याची रेंज गेली की फोन गुपचूप त्याला चिकटतो. ते सागरी रोमिंग असतं आणि बिल बघून धडकी भरते. फोनमध्ये नेटवर्क निवड ‘आपोआप’ वरून काढून हाताने तुमची भारतीय कंपनी निवडा, आणि डेटा रोमिंग बंद ठेवा. यादीत ९०१ ने सुरू होणारा आकडा किंवा समुद्राशी संबंधित नाव दिसलं तर त्याला हात लावू नका. एवढं सांभाळता येत नसेल तर विमान मोडच बरा.

धार वाचवणं

आता एक नळ आणि सहा भांडी. चार्जरला लावलेला फोन वाय-फाय दिसलं की फोटोंचा बॅकअप सुरू करतो, आणि एकटा फोन सगळ्यांची धार पितो. निघण्यापूर्वी प्रत्येक फोनवर बॅकअप आणि ॲपचे अपडेट थांबवा, व्हॉट्सॲपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. मग राउटरच्या वाय-फायवर आयफोनमध्ये ‘लो डेटा मोड’, अँड्रॉइड आणि विंडोजमध्ये ‘मीटर्ड’ हा पर्याय लावा. हे घरी राउटर चालू असतानाच करता येतं, कारण ही खूण नेटवर्कच्या नावाशी बांधलेली असते. राउटरवर प्रत्येक उपकरणाला वेगाची मर्यादा घालता येत असेल तर बैठकीच्या लॅपटॉपला मोकळीक द्या आणि बाकीच्यांना अर्धा-अर्धा एमबीपीएस पुरे. संध्याकाळी जेवणानंतर सगळी बोट इंटरनेटवर असते. मोठी फाईल पाठवायची तर पहाटे पाठवा.

राउटरची प्रक्षेपणाची ताकद सर्वांत कमी ठेवा. शेजारच्या केबिनला त्रास होत नाही, आणि तुमचा राउटर बोटीच्या यंत्रणेच्या डोळ्यातही कमी खुपतो.

जहाजावर नोकरी करणाऱ्यांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी बोटीवर असतो, आणि पहिल्या करारावर जाणारी मुलं हाच राउटर सोबत न्यायचं विचारतात. खलाशांच्या वाय-फायला प्रवाशांचे नियम लागू नाहीत. बहुधा ठरावीक एमबीचं व्हाउचर मिळतं, तिथे राउटरने नुकसानच होतं, कारण वर सांगितलं तेच. केबिनमधल्या नेटवर्कच्या सॉकेटला परवानगीशिवाय काहीही लावू नका. ते सॉकेट जहाजाच्या कुठल्या यंत्रणेकडे जातं हे बाहेरून दिसत नाही, आणि २०२१ पासून सायबर धोक्यांचा बंदोबस्त हा जहाजाच्या सुरक्षा व्यवस्थेचाच भाग झालेला आहे. कॅप्टनला किंवा आयटी अधिकाऱ्याला विचारा, होकार आला तरच लावा. घरच्यांशी बोलण्यासाठी इंटरनेट ही मेहेरबानी राहिलेली नाही हेही माहीत असू द्या : आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारातल्या दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या आहेत, आणि त्यांनुसार जहाजमालकाने शक्य तिथवर खलाशांना ही सोय द्यायची आहे, पैसे घेतले तर वाजवी घ्यायचे आहेत. जहाजावर ती नसेल तर राउटरची युक्ती शोधण्यापेक्षा लेखी मागणी करा.

उतरण्यापूर्वी

शेवटच्या सकाळी बोटीच्या लॉगिन पानावर जाऊन लॉगआउट करा, नाहीतर दिवसाच्या पॅकेजचं आपोआप नूतनीकरण बिलात चढू शकतं. राउटरमधून बोटीचं नेटवर्क पुसा, मॅक ॲड्रेस मूळचा करा, बंद केलेलं डीएनएस रीबाइंडिंगचं संरक्षण आणि फोनवरचं प्रायव्हेट डीएनएस पुन्हा चालू करा. तपासणीत काही काढून घेतलं असेल तर त्याची पावती हातात ठेवा. उतरण्याच्या गर्दीत ते टेबल मागे राहून जातं. धक्क्यावर पाय ठेवला की फोनची नेटवर्क निवड ‘आपोआप’ वर आणा.